पावसात कुटुंबासोबत कॅम्पिंग: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

तंबू गळाला म्हणून रात्र ओल्यात काढली, असं सांगणाऱ्या बहुतेकांचा तंबू गळालेला नसतो. पावसात उभारतानाच तो आतून भिजलेला असतो. नाहीतर खाली अंथरलेली शीट कडेने बाहेर डोकावत असते. नाहीतर सगळ्या खिडक्या बंद करून झोपल्यामुळे श्वासाची वाफच छताला लागून ठिबकत असते. यातलं काहीही महागड्या सामानाने सुटत नाही. काम कोणत्या क्रमाने करता, यावर सगळं अवलंबून असतं.

पुढचे टप्पे गाडीने जाणाऱ्या, मुलं सोबत असलेल्या आणि जोडून आलेल्या सुट्टीत दोन-तीन रात्री तंबूत राहणाऱ्या कुटुंबासाठी आहेत.

## टप्पा १: जायचं की नाही, हे घरीच ठरवा

नुसता पाऊस हे सहल रद्द करायचं कारण नाही. विजांचा कडकडाट, जोराचा वारा आणि पुराचा इशारा ही मात्र कारणं आहेत, आणि तिथे घासाघीस नको. उभं राहता येईल अशा उंच कौटुंबिक तंबूंना ताशी ४०-५० किलोमीटरचा वारा झेपेनासा होतो. म्हणून अंदाज बघताना पावसाच्या आकड्यावर थांबू नका, वाऱ्याच्या झोतांचा आकडाही बघा. जागा नदी-ओढ्याजवळ असेल तर वरच्या अंगाला, डोंगराकडे किती पाऊस सांगितलाय तेही बघा. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असतानाही पाणी वरून येऊ शकतं.

सुट्टीच्या गर्दीत आणखी एक घोळ होतो. रस्त्यात तीन तास जातात, अंधार पडताना पोचायला होतं आणि तोवर चांगल्या जागा गेलेल्या असतात. उरते ती खोलगटातली. त्यामुळे जागा आधी राखून ठेवा आणि मावळतीच्या किमान तीन तास आधी पोचाल असे निघा. पावसात उभारायला कोरड्या दिवसापेक्षा सहज दुप्पट वेळ लागतो.

परत फिरायची अट निघण्याआधीच ठरवून ठेवा. ‘दोघांच्या झोपायच्या बॅगा भिजल्या तर रात्र काढायची नाही’ इतकी साधी चालेल. रात्री दोन वाजता, थकलेल्या डोक्याने हा वाद घालायची वेळ येऊ नये.

## टप्पा २: तंबू घरी उभा करून त्यावर पाणी मारा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. तंबू पूर्ण उभा करा, फ्लाय म्हणजे वरचं पावसाचं कापड नीट ताणा आणि पाइपने वरून दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. मग आत शिरून शिवणींवरून हात फिरवा, कोपरे दाबून बघा.

शिवणीवरची पारदर्शक पट्टी सुटलेली दिसली तर सीलर, म्हणजे शिवणीची छिद्रं बुजवणारा चिकट लेप, लावावा लागेल. इथे कापड ओळखणं महत्त्वाचं. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाला सिलिकॉनचाच सीलर धरतो, पॉलियुरेथेनच्या लेपाला पॉलियुरेथेनचा. उलटसुलट लावला तर वाळल्यावर सालीसारखा निघतो. लावल्यावर वाळायला वेळ लागतो, त्यामुळे हे काम निघायच्या आदल्या रात्री करू नका.

लेबलवर मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. फ्लायला १५०० चालतं, सततच्या जोरदार पावसासाठी ३००० बरं. तळाचा आकडा त्याहून जास्त हवा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तिथला दाब पावसापेक्षा कितीतरी अधिक असतो. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर ते दुकानाच्या फलकाइतकंच गंभीरपणे घ्या.

चार जणांचा तंबू म्हणजे चार मॅट एकमेकींना चिकटून मावतील असा तंबू. पावसात त्यात चार माणसं झोपली की कोणाचा तरी खांदा भिंतीला लागणारच. चौघांसाठी सहा जणांचा तंबू घ्या.

तपासा: फ्लाय जमिनीपर्यंत येतो का? फक्त माथा झाकणारी टोपीसारखी फ्लाय असेल तर वाऱ्यासोबतचा पाऊस बाजूच्या जाळीतून आत येणार. असा तंबू या सहलीला नेऊ नका.

## टप्पा ३: सामान उलट्या क्रमाने भरा

जे आधी लागणार ते गाडीत सगळ्यात शेवटी ठेवा. डिकी उघडल्याबरोबर हाताला लागली पाहिजे ती ताडपत्री, तिचे दोर, मेखा आणि हातोडा. त्यामागे तंबू. झोपायच्या बॅगा आणि कपडे सगळ्यात आत. एरवी भरतात तसं भरलं तर तंबू काढण्यासाठी अर्धं सामान पावसात चिखलावर मांडावं लागतं आणि खेळ तिथेच संपतो.

कपड्यांत सुती काहीही नको, मुलांच्या जीन्स तर नकोतच. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर किंवा सिंथेटिक कपडे ओले झाले तरी थोडी ऊब राखतात आणि लवकर वाळतात. प्रत्येकाचा झोपायचा एक संच, म्हणजे आतले कपडे, जाड मोजे आणि टोपी, वेगळ्या पिशवीत हवा बाहेर काढून बंद करा. हा संच तंबूबाहेर अंगावर चढवायचा नाही, कितीही मोह झाला तरी. मुलांचे रोजचे कपडेही दिवसागणिक एकेका पिशवीत घाला, म्हणजे एक मोजा शोधायला सगळी बॅग उपसावी लागत नाही.

बॅगेवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने आत जातं. बॅगेच्या आत कचऱ्याची मोठी जाड पिशवी अस्तरासारखी घाला आणि सामान तिच्यात भरा.

विसरल्या जाणाऱ्या वस्तू: तळ पुसायला स्पंज, चार-पाच पातळ टॉवेल, बुटांत कोंबायला जुनी वर्तमानपत्रं, डोक्याला लावायचे दिवे (प्रत्येकाला एक, हातात धरायचा टॉर्च पावसात निरुपयोगी), आणि मऊ मातीत तग धरतील अशा लांब मेखा. तंबूसोबत येणाऱ्या बारीक मेखा चिखलातून लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात.

## टप्पा ४: जागा निवडताना पाण्यासारखा विचार करा

सपाट, मऊ, गवताळ आणि थोडी खोलगट जागा झोपायला सगळ्यात आरामाची वाटते. रात्री पाणी साठतं तेही तिथेच. जमिनीवरच्या खुणा बघा: एकाच दिशेला आडवं पडलेलं गवत, काड्या-पाल्याची वळणदार रेघ, वाळून भेगाळलेली माती. तिथून पाणी वाहून गेलेलं आहे आणि परत वाहणार आहे.

अगदी किंचित उतार असलेली, आजूबाजूपेक्षा थोडी उंच जागा धरा. झोपताना डोकं चढाकडे येईल असं बघा. ओढा किंवा तळं किमान ६० मीटर दूर हवं, आणि नुसतं दूर नाही, तर तुमच्यापेक्षा स्पष्टपणे खाली. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकायचा नाही, जागा कितीही साफसुथरी दिसली तरी.

वर मान करून बघायला विसरू नका. वाळलेली, अडकून लोंबणारी फांदी ओली झाली की जड होते आणि वाऱ्याने खाली येते. दाट झाडाखाली पाऊस चुकतो हाही गैरसमजच. सर थांबल्यावरही पानं तासभर ठिबकत राहतात.

गर्दीच्या दिवशी मैदानाच्या मध्यावर एखादी ऐसपैस जागा रिकामी दिसली तर खूश होण्याआधी तिथे आधी येऊन गेलेल्यांनी ती का सोडली असेल याचा विचार करा.

सावध: तंबूभोवती चर खणू नका. बहुतेक ठिकाणी मनाई असते, जमिनीची धूप होते, आणि चर खणायची गरज वाटते याचा अर्थ जागाच चुकली आहे.

## टप्पा ५: तंबूआधी ताडपत्री

पावसाळी सहलीत सगळ्यात जास्त फरक या एका टप्प्याने पडतो, म्हणून इथे घाई करू नका. मुलं गाडीतच राहतील. त्यांना काहीतरी काम द्या. मेखा मोजायच्या, दोरांचा गुंता सोडवायचा, दिवे लावून बघायचे.

साधारण ३ बाय ४ मीटरची ताडपत्री घ्या. दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये, डोक्याहून वीतभर उंचीवर एक दोर ताणून बांधा आणि ताडपत्री त्यावर टाका. वाऱ्याकडची बाजू कमरेइतकी खाली ओढा, पलीकडची उंच ठेवा. चारही कोपरे समान उंचीवर बांधण्याची हौस आवरा. तशी ताडपत्री छान दिसते आणि दहा मिनिटांत तिला पाण्याचं पोट येतं. त्या पोटात दहा-वीस लिटर साठले की दोर तुटतो किंवा कड फाटते, आणि तेवढं पाणी एकदम खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर येतं. एक कोपरा मुद्दाम सगळ्यात खाली घ्या, म्हणजे पागोळ्या एकाच जागी पडतील. तिथे बादली ठेवली तर भांडी घासायला पाणी आयतं मिळतं.

दोर कुठेही निरगाठ मारून बांधू नका. ओली निरगाठ गारठलेल्या बोटांना सुटत नाही आणि शेवटी सुरी काढावी लागते. शेवटचा वेढा दुहेरी घालून सुरगाठ मारा, एका ओढीत सुटते.

आणखी एक बारीक गोष्ट. झाडाच्या खोडावरून उतरलेलं पाणी दोरावरून सरपटत ताडपत्रीखाली येतं आणि तिथे मधोमध थेंब थेंब गळत राहतं. लोक ताडपत्री फाटली समजून छिद्र शोधत बसतात. झाड आणि ताडपत्री यांच्या मधल्या दोराला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा. पाणी त्या सुतळीवरून खाली जातं, पुढे येत नाही.

तपासा: ताडपत्रीवर मध्यभागी तांब्याभर पाणी ओता. ते कुठेही न थांबता ठरवलेल्या कोपऱ्यातून पडलं पाहिजे.

## टप्पा ६: तंबू, ताडपत्रीच्या आडोशाला

आता तंबू ताडपत्रीखाली जोडा. स्वतःच्या कांबींवर उभा राहणारा घुमटाकार तंबू असेल तर तो तिथेच, फ्लाय चढवून, पूर्ण उभा करता येतो. मग दोघांनी धरून उचलायचा आणि ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचा. आतल्या भागावर पावसाचा थेंबही पडत नाही. तंबू असा उचलण्याजोगा नसेल, तर फ्लाय आतल्या भागावर आधी पसरा आणि त्याच्याखाली हात घालून कांबी ओवा. वेळ लागतो, चिडचिड होते, पण जाळीच्या छतातून तंबूच्या तळात पाणी भरण्यापेक्षा हे बरं.

तंबूखाली अंथरायची शीट तंबूच्या तळापेक्षा सगळ्या बाजूंनी ५-७ सेंटीमीटर आत असली पाहिजे. फ्लायवरून ओघळलेलं पाणी बाहेर आलेल्या कडेवर पडतं आणि शीट व तळ यांच्या मध्ये शिरतं. मग तुम्ही अक्षरशः डबक्यावर झोपता. शीट मोठी असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडा. वर दुमडल्या तर पाणी धरायला खिसा तयार होतो.

दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेली, जमिनीशी साधारण ४५ अंशांत ठोका. माती फारच भुसभुशीत असेल तर मेखेवर मोठा दगड ठेवा, किंवा दोर लांबट ओंडक्याला बांधून तो ओंडका मातीत आडवा पुरा. तंबूचे सगळे ताणदोर लावा. ‘वारा नाही, दोनच पुरे’ हा हिशेब पहाटे तीनला चुकतो.

नायलॉनचं कापड भिजलं की सैलावतं. सैल फ्लाय आतल्या कापडाला चिकटली की तिथून ओल आत उतरते. उभारल्यावर अर्ध्या तासाने आणि झोपायच्या आधी, असे दोनदा दोर परत ताणा.

तपासा: तंबूला चारही बाजूंनी फेरी मारा. फ्लाय आणि आतलं कापड यांच्यात सगळीकडे हात जाईल एवढी फट आहे का?

## टप्पा ७: ओलं कुठपर्यंत, कोरडं कुठून, याची सीमा

तंबू उभा राहिला की मुलं बूट, रेनकोट घालून सरळ आत घुसतात. इथून पुढची ओल आभाळातून येत नाही, पायांनी येते.

नियम असा: एक मोठं माणूस आत, अनवाणी आणि कोरडं. दुसरं बाहेर. दाराच्या ओसरीत, म्हणजे फ्लाय आणि आतल्या दाराच्या मधल्या जागेत, एक जुनी चटई. मूल तिथे बसतं, पाय बाहेर ठेवून. बाहेरचं माणूस बूट उतरवतं, रेनकोट काढून ताडपत्रीखालच्या दोरावर टाकतं. आतलं माणूस टॉवेलने पाय-डोकं पुसून मुलाला आत घेतं. मगच पुढचं मूल. चार जणांना आत घ्यायला दहा मिनिटं लागतात. ती द्या.

आत मॅट भिंतींपासून वीतभर दूर ठेवा. कपड्यांच्या बॅगा भिंतीला टेकवू नका. झोपायच्या बॅगा झोपायच्या वेळेपर्यंत पिशवीतच राहू द्या, दुपारी अंथरून त्यावर पत्ते खेळायचे नाहीत. ओले कपडे ‘रात्रीत वाळतील’ म्हणून आत टांगू नयेत. ते वाळत नाहीत, त्यांची ओल हवेत आणि हवेतून बॅगांत जाते.

## टप्पा ८: चूल बाहेर, हवा आत

सावध: तंबूत किंवा त्याच्या ओसरीत स्टोव्ह, शेगडी, निखारे, गॅसचा कंदील काहीही पेटवू नका, ऊब यावी म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने आलेली गुंगी झोपेसारखीच वाटते. विझत आलेले निखारेही हा वायू सोडत राहतात.

स्वयंपाक ताडपत्रीच्या उंच बाजूला, जिथे किमान तीन बाजू उघड्या आहेत तिथे करा. एका भांड्यात होणारं आणि गरम खाता येईल असं काहीतरी ठेवा. भांडी जितकी कमी तितकं पावसात उभं राहणं कमी. झोपण्याआधी मुलांच्या पोटात गरम अन्न गेलं पाहिजे. शरीर ऊब तयार करतं ती त्यातूनच. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि मुलाच्या पायांशी ठेवा.

आता वायुवीजन. चार माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात लिटरभर तरी पाणी बाहेर पडतं. पाऊस आहे म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या तर ते पाणी थंड फ्लायवर जमतं आणि खाली येतं. वरच्या झडपा उघड्याच ठेवा, दाराची जाळी थोडी मोकळी ठेवा. थोडा गारवा चालेल, ठिबकणं नको.

सकाळी ओल दिसली तर आधी तिचा प्रकार ओळखा. फ्लायच्या आतल्या अंगाला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती वाफ आहे. झडपा आणखी उघडा आणि टॉवेलने पुसा. शिवणीखाली एकच ओली रेघ किंवा कोपऱ्यात डबकं असेल तर ती गळती. शिवण कोरडी करून टेप लावा.

## टप्पा ९: गारठा, वीज, चढतं पाणी

ओल्या कपड्यांत वारा लागला तर हवा १० अंशांच्या वर असतानाही शरीराचं तापमान धोकादायक उतरू शकतं, आणि मुलांचं मोठ्यांपेक्षा लवकर. मूल ‘थंडी वाजते’ म्हणेलच असं नाही. ते गप्प होतं, उगाच किरकिरतं, चेन लावताना बोटं चुकतात, बोलणं जड होतं. लगेच ओले कपडे काढा, अंग कोरडं करा, टोपीसकट झोपायच्या बॅगेत गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय जोरात चोळू नका. ऊब न येताच थरथर थांबली किंवा गुंगी येऊ लागली तर वैद्यकीय मदत मागवा, वाट बघू नका.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी वेळ लागला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या, पत्र्याचं छत असलेल्या गाडीत जायचं. तंबू आणि ताडपत्री विजेपासून काहीही संरक्षण देत नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. मुलांना कंटाळा येतो, येऊ द्या.

ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला, वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, तर सामान सोडून पायी चढावर जा. गुडघ्याच्या बरंच खाली, १५ सेंटीमीटर वेगाने वाहणारं पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि ३० सेंटीमीटरमध्ये बऱ्याच छोट्या गाड्या वाहून जातात. पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालायची नाही.

## टप्पा १०: उतरवताना सगळं उलट

शेवटच्या सकाळी सगळ्यांना एकदम घाई सुटते आणि कोणीतरी आधी ताडपत्री सोडतं. ती सगळ्यात शेवटी.

उठल्याबरोबर, दार उघडण्याआधी, आत बसूनच झोपायच्या बॅगा आणि कपडे बंद करा. ते गाडीत गेले की मॅट. मग मुलं गाडीत. बऱ्याच तंबूंत फ्लाय उभी ठेवून आतला भाग खालून सोडवता येतो. तो कोरडाच गुंडाळून वेगळ्या पिशवीत घाला. ओल्या फ्लायसोबत एकाच पिशवीत कोंबला तर घरी पोचेपर्यंत दोन्ही ओले. फ्लाय झटका, टॉवेलने जमेल तेवढी पुसा, शीट आणि मेखांची चिखलाची पिशवी वेगळी ठेवा. आता ताडपत्री.

घरी पोचल्यावर तंबू पिशवीत ठेवून झोपू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तो उघडून सावलीत वाऱ्यावर टांगा. दोन दिवस ओला राहिला तर कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते नंतर जात नाहीत. वर्षानुवर्षं ओलसर ठेवलेल्या तंबूचा आतला लेप चिकट होऊन सुटतो, मग सीलरचा उपयोग नाही. चिखल साध्या पाण्याने आणि स्पंजने काढा. वॉशिंग मशीन नको, डिटर्जंटही नको. कांबींचे सांधे उघडून पुसा, आतलं लवचिक दोर ओलं राहिलं तर कुजतं. शिवणी आणि कोपरे सगळ्यात उशिरा वाळतात, तिथे बोट लावून बघा. पूर्ण कोरडा झाल्यावर तंबू मूळच्या घट्ट पिशवीऐवजी एखाद्या मोठ्या कापडी पिशवीत सैल भरून ठेवा, आणि वाकलेल्या मेखा तेव्हाच बाजूला काढून नव्या आणा.